अन्नाची पेढी आणि तिचा जमाखर्च

बँक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पासबुक, व्याज आणि कर्जाचा हप्ता उभा राहतो. परंतु १९६७ साली अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात एक निराळीच बँक उघडली. तिच्यात पैशाऐवजी अन्न जमा होत असे. ठेव ठेवणाऱ्याला व्याज मिळत नसे, आणि काढून नेणाऱ्याने पूर्वी काही ठेवलेले असावे अशी अटही नव्हती. तिचे नाव सेंट मेरीज फूड बँक. जगातील पहिली फूड बँक म्हणून तिचा उल्लेख होतो. आज अशा संस्था अनेक देशांत आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रातही ‘रोटी बँक’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला आहे.

या संस्थेचे कौतुक करणारे लेखन पुष्कळ आहे. भुकेलेल्याला घास देणे हे पुण्यकर्म आहे, याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. परंतु वाचकहो, इतिहासाच्या विद्यार्थ्याने कौतुकाबरोबर एक रोखठोक प्रश्नही विचारला पाहिजे. अन्न फुकट मिळाले हे खरे, पण ते शेतातून किंवा कारखान्यातून भुकेल्याच्या ताटापर्यंत नेण्याचा खर्च कोणी केला? या एका प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की फूड बँकेचा सारा इतिहास उलगडतो.

आरंभ

या बँकेचा जनक जॉन व्हॅन हेंगेल (१९२३–२००५) हा ना धनिक होता, ना पुढारी. मूळचा विस्कॉन्सिन राज्यातला. आयुष्यात त्याने नाना उद्योग केले, संसार मोडला, पुढे दुखापतीमुळे पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. हवापालटासाठी तो फिनिक्सला आला आणि तेथील एका धर्मादाय भोजनगृहात स्वयंसेवक म्हणून काम करू लागला. फिनिक्सच्या परिसरात संत्री-मोसंबीच्या बागा विपुल. झाडाखाली फळे पडून कुजत असलेली पाहून त्याने मालकांची परवानगी घेतली आणि ती फळे गोळा करून भोजनगृहाला आणून देऊ लागला. थोड्याच दिवसांत एका भोजनगृहाला खपणार नाही इतका माल येऊ लागला.

याच सुमारास त्याची एका बाईशी गाठ पडली. तिला दहा मुले, आणि नवरा तुरुंगात. मोठ्या दुकानांच्या मागे टाकून दिलेल्या मालातून खाण्याजोगे वेचून ती मुलांना जगवीत होती. टाकून द्यायचे अन्न आधीच एखाद्या ठिकाणी जमा करून ठेवावे आणि लागेल त्याने तेथून न्यावे, जशी पैशाची बँक असते तशी, ही कल्पना तिने बोलून दाखविली, असे व्हॅन हेंगेल नेहमी सांगत असे. म्हणजे ही संस्था ज्या विचारातून निघाली तो एका गरजू बाईचा विचार होता. इतिहासात तिचे नाव ठळक झाले नाही, पण ही गोष्ट विसरता येत नाही.

व्हॅन हेंगेलने सेंट मेरी चर्चकडे धाव घेतली. चर्चने एक बंद पडलेली जुनी बेकरी आणि ३,००० डॉलर दिले. पहिल्या वर्षी या बँकेने सुमारे अडीच लाख पौंड, म्हणजे १,१०० क्विंटलांहून अधिक अन्न वाटले. व्हॅन हेंगेल स्वतः अत्यंत साधा राहिला. कित्येक वर्षे त्याने पगारही घेतला नाही.

कामाची रीत

फूड बँक आणि अन्नछत्र यांत फरक आहे, तो येथे स्पष्ट केला पाहिजे. अन्नछत्रात शिजवलेले अन्न थेट भुकेल्याच्या पानात पडते. फूड बँक मात्र ठोक व्यापाऱ्यासारखी असते. शेतकरी, कारखानदार आणि दुकानदार यांच्याकडून ती मोठ्या प्रमाणावर माल घेते, निवडते, साठवते आणि भोजनगृहे, अनाथाश्रम, चर्चचे शिधावाटप अशा संस्थांना देते. त्या संस्था पुढे तो लोकांपर्यंत नेतात.

चांगला माल कोणी फुकट का द्यावा, असे आपल्या मनात येईल. कारण असे की, मोठ्या बाजारपेठेत विकण्याजोगा माल आणि खाण्याजोगा माल या दोन वेगळ्या गोष्टी असतात. डब्याला पोचा आला, वेष्टनावर चुकीची छपाई झाली, मुदत जवळ आली, सणासाठी काढलेला माल सणानंतर उरला, फळाचा आकार ग्राहकाला पसंत पडेना, म्हणजे माल दुकानातून बाद होतो. तो आतून उत्तम असतो, पण विकला जात नाही. शिवाय तो ठेवायला जागा लागते आणि फेकायलाही पैसे पडतात.

आता खर्चाची बाजू पाहा. फिनिक्स हे वाळवंटातील शहर. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे दूध, मांस, भाजी टिकवायची तर शीतगृह हवे, त्याला वीज हवी. माल आणायला मालमोटारी, त्यांना इंधन, चालक, विमा. गोदामाला भाडे, उंदीर-किड्यांचा बंदोबस्त, निवडायला माणसे. आपल्या बाजार समितीत शेतमालाच्या किमतीवर हमाली, तोलाई आणि भाडे चढते, तसेच हे. गोणीतील धान्य दान असले, तरी गोणी उचलणाऱ्याचा घाम दान नसतो. स्वयंसेवक बरेच काम करतात, पण डिझेल स्वयंसेवेने मिळत नाही.

कायद्याने दिलेला हात

पहिला खर्च चर्चने सोसला. पण एका चर्चच्या जोरावर काम वाढणार नव्हते. वाढीला खरा हात दिला तो आयकराच्या कायद्यातील एका कलमाने.

१९६९ च्या अमेरिकन करसुधारणेनंतर कंपनीने माल दान केला तर तिला केवळ उत्पादनखर्चाएवढी वजावट मिळे. समजा, एका डब्याला कारखान्यात १ डॉलर खर्च आला आणि बाजारभाव २ डॉलर आहे. दान केला तर वजावट १ डॉलर. आणि कचऱ्यात टाकला तरी नुकसान म्हणून वजावट तितकीच! मग दान करण्याचे कष्ट कोण घेणार? १९७६ च्या करसुधारणेने हे बदलले. गरजू, आजारी आणि बालके यांच्यासाठी माल दिल्यास उत्पादनखर्च अधिक नफ्याच्या निम्मी रक्कम, एवढी वजावट मिळू लागली; मात्र ती उत्पादनखर्चाच्या दुपटीहून जास्त नसावी. आपल्या उदाहरणात ती दीड डॉलर झाली. त्या वेळी मोठ्या कंपन्यांवरील आयकराचा दर ४८ टक्के होता. म्हणजे फेकण्याऐवजी दान केल्यास डब्यामागे सुमारे २४ सेंट अधिक वाचू लागले. लाखो डब्यांचा हिशेब केला की औदार्याला व्यवहाराची जोड कशी मिळाली हे ध्यानात येते. ते २४ सेंट सरकारी तिजोरीत आले असते, म्हणजे खर्चाचा हा वाटा अप्रत्यक्षपणे साऱ्या करदात्यांनी उचलला.

दुसरी अडचण जबाबदारीची होती. दिलेले अन्न खाऊन कोणी आजारी पडला तर दात्यावर खटला होईल ही भीती. राज्याराज्यांनी यासाठी कायदे केले, आणि १९९६ साली सर्व देशाला लागू होणारा कायदा झाला. सद्‍हेतूने अन्न देणाऱ्याला, घोर निष्काळजीपणा नसेल तर, त्याने संरक्षण दिले.

परंतु वजावटीच्या कायद्यातच एक अट होती: दान मिळालेला माल पैसे घेऊन विकता कामा नये. अट रास्तच होती. पण मग गोदामाचा खर्च कोठून काढायचा? यातून ‘देखभालीचा वाटा’ ही पद्धत निघाली. फूड बँकेकडून माल नेणाऱ्या संस्थेने अन्नाची किंमत म्हणून नव्हे, तर साठवणूक आणि हाताळणीचा खर्च म्हणून पौंडामागे काही सेंट द्यायचे. भुकेल्या माणसाकडून मात्र काहीच घ्यायचे नाही. ही तडजोड अनेक वर्षे चालली. पुढे देणग्या वाढल्या तसा अनेक बँकांनी हा आकार कमी केला किंवा बंद केला, कारण सर्वांत गरीब वस्तीतील लहान संस्थेलाच तो जड जाई.

येथे मराठी वाचकाला मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण व्हावी. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे लोकांना खुली केली. आख्यायिका सांगते की विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारात जाऊन त्या धान्याचे मोल भरले आणि पावती घेतली. भाविक या कथेत भक्ताचा कैवार पाहतो. हिशेबनीस मात्र ती पावती पाहतो. कोठार लुटवले तरी कोठाराचा हिशेब कोणाला तरी पुरा करावाच लागतो, हे आपल्या लोककथेलाही माहीत होते.

तात्पुरते ते कायमचे

फिनिक्सचा प्रयोग गाजू लागला. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यावर इतर शहरांत अशा बँका उभारण्यासाठी संघ सरकारचे अनुदान मिळाले आणि १९७६ साली ‘सेकंड हार्वेस्ट’, म्हणजे ‘दुसरी सुगी’ ही संघटना सुरू झाली. १९७७ पर्यंत १८ शहरांत फूड बँका होत्या. १९७९ मध्ये ही संघटना स्वतंत्रपणे नोंदली गेली, १९८४ मध्ये तिचे कार्यालय शिकागोला गेले आणि २००८ साली तिने ‘फीडिंग अमेरिका’ हे नाव घेतले. आज तिच्याशी सुमारे २०० प्रादेशिक फूड बँका जोडलेल्या आहेत आणि त्यांच्याखाली सुमारे ६०,००० वाटपकेंद्रे काम करतात. फिनिक्सची मूळ बँक आता अ‍ॅरिझोनाच्या १५ पैकी ९ कौंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, अन्न पोहोचवते.

या वाढीमागे एक कडू सत्यही आहे. १९८० नंतर अमेरिकेत मंदी आली, बेकारी वाढली आणि त्याच वेळी गरिबांसाठीच्या सरकारी योजनांना कात्री लागली. दुसरीकडे, दुधाला आधारभाव देण्याच्या धोरणामुळे सरकारी गोदामांत चीजचे डोंगर साठले होते. डिसेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ३ कोटी पौंड चीज गरिबांना वाटण्याचे जाहीर केले. वाटणार कोण? अर्थातच फूड बँका आणि त्यांच्या संस्था. १९८३ मध्ये यासाठी जो कायदा झाला त्याच्या नावातच ‘तात्पुरती’ असा शब्द होता. १९९० मध्ये तो शब्द गाळण्यात आला. योजना कायमची झाली!

दुसऱ्याचे जास्तीचे धान्य कसे असते हे आपल्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली अमेरिकेची लाल मिलो त्यांनी खाल्ली. त्या मिलोने माणसे जगली. पण काय खायचे ते आपल्या हाती नव्हते, हेही ते सांगतात.

ताळेबंद कसा वाचावा

फूड बँकेचा वार्षिक अहवाल हाती आला तर तो जपून वाचावा लागतो. १९९३ च्या अमेरिकन हिशेबमानकानुसार दान मिळालेली वस्तूही जमेच्या बाजूला रुपयांत, अर्थात त्यांच्या डॉलरांत, दाखवावी लागते. त्यासाठी दान मिळालेल्या मिश्र मालाचा पौंडामागे सरासरी दर दरवर्षी ठरवला जातो. अलीकडे तो दोन डॉलरच्या आसपास आहे. माल आला की जमा, वाटला की खर्च.

याचा परिणाम असा होतो की बँकेची उलाढाल प्रचंड दिसते, पण तिच्यातील बराचसा भाग हा डबे आणि पेट्या असतो. त्यातून चालकाचा पगार देता येत नाही. ‘शंभरातील पंच्याण्णव डॉलर थेट गरिबांसाठी’ अशी जाहिरात वाचली तर त्या पंच्याण्णवांत अन्नाची मानलेली किंमत धरली आहे, हे ओळखले पाहिजे. यात लबाडी नाही. नियमच तसा आहे. परंतु अशा संस्थेची प्रकृती पाहायची तर एकूण उलाढालीऐवजी रोख रकमेचा कप्पा पाहावा: रोख देणग्या किती, सरकारी अनुदान किती, वाहतूक आणि पगार किती, आणि उद्या देणग्या थांबल्या तर किती महिने गोदाम चालेल. आपल्याकडील कोणत्याही सार्वजनिक संस्थेच्या अहवालालाही हीच कसोटी लावता येईल.

बटाटे आणि शेंगदाण्याचे लोणी

मध्यवर्ती संघटनेकडे येणारा माल देशभरच्या बँकांत कसा वाटायचा, हा प्रश्न वर्षानुवर्षे छळत होता. पूर्वी पाळी लावलेली असे. ज्याची पाळी त्याला माल देऊ करायचा. त्याने काही तासांत हो किंवा नाही सांगायचे आणि वाहतूक स्वतः करायची. पण वजन मोजताना पौंडाला पौंड सारखा. आयडाहो हा बटाट्याचा प्रांत. तेथील बँकेला आणखी बटाटे घेऊन काय उपयोग? आणि ज्या बँकेला टिकाऊ, पौष्टिक अशा शेंगदाण्याच्या लोण्याची निकड होती, तिची पाळी आलेली नसे.

२००५ साली शिकागो विद्यापीठातील प्राध्यापकांच्या साहाय्याने नवी पद्धत आली. या मंडळींत अर्थतज्ज्ञ कॅनिस प्रेंडरगास्ट हे होते. प्रत्येक बँकेला तिच्या भागातील गरिबीच्या प्रमाणात ‘शेअर’ नावाचे लुटुपुटुचे चलन दिले गेले. ते रोख पैशात बदलता येत नसे. उपलब्ध मालावर बँकांनी बंद बोली लावायची. ज्यांनी माल घेतला त्यांनी खर्चलेले शेअर दिवसअखेर पुन्हा सर्वांत गरजेप्रमाणे वाटले जात. लहान बँकांना उसने घेण्याची सोय होती.

गरिबांच्या अन्नाचा लिलाव, ही कल्पना काही संचालकांना मुळीच रुचली नव्हती, आणि त्यांची शंका अस्थानी नव्हती. परंतु अनुभव असा आला की भाजी-बटाट्याला जवळजवळ शून्य बोली लागली, तर सेवया आणि न्याहारीच्या धान्याला मोठी. ज्यांच्याकडे स्थानिक देणगीदार कमी त्या बँकांना स्वस्त शेअरात भरपूर माल घेता येऊ लागला. ज्यांच्याजवळ अमुक माल जास्त होता ते तोही बाजारात आणू लागले. सर्वांना सारखे वजन दिले म्हणजे न्याय झाला असे होत नाही, हा धडा यातून मिळाला.

मर्यादा

एवढी शिस्त असूनही फूड बँकेला मर्यादा आहे, आणि ती तिच्या हिशेबातच दिसते. ती दुसऱ्याच्या उरल्यासुरल्यावर उभी आहे. उरले नाही तर गोदाम रिकामे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे एकाच दिवशी सुमारे १०,००० कुटुंबे अन्नासाठी आली; मोटारींच्या त्या रांगांची छायाचित्रे जगभर छापली गेली. मागणी अशी एकाएकी वाढते तेव्हाच दुकानांकडे उरणारा माल कमी झालेला असतो. सरकारी आधाराचेही तसेच. २०२५ च्या वसंत ऋतूत अमेरिकेच्या कृषिखात्याने फूड बँकांसाठी मंजूर झालेला सुमारे ५० कोटी डॉलरचा माल रोखला. ज्याच्या हाती देणे, त्याच्या हाती थांबवणेही असते.

समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेनडीक यांनी १९९८ मध्ये ‘स्वीट चॅरिटी?’ या ग्रंथात याहून मूलगामी आक्षेप घेतला. अन्नदानाने देणाऱ्याच्या मनाला समाधान लाभते, आणि त्या समाधानात भूक मुळात का आहे हा प्रश्न मागे पडतो, असे त्यांचे म्हणणे. फूड बँकांच्या संघटनेनेच मांडलेला हिशेब या आक्षेपाला बळ देतो: त्यांच्या जाळ्यातून एक जेवण मिळते तेव्हा सरकारी अन्नसाहाय्य योजनेतून नऊ जेवणे मिळतात. म्हणजे दानाचा वाटा मोलाचा खरा, पण मुख्य भार हक्कानेच पेललेला आहे. आपल्याकडे २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला तो याच कारणासाठी महत्त्वाचा. रेशनचे धान्य मागणारा भिक्षा मागत नसतो.

मग फूड बँक नकोच काय? असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ साली रोटी बँक सुरू झाली. घरोघरच्या पोळ्या आणि भाजी तेथे जमा होऊ लागली आणि ज्याला भूक लागली त्याने ती न्यावी, असा रिवाज पडला. पुढे मुंबईतही याच नावाने काम उभे राहिले. २०१९ साली उरलेल्या अन्नाच्या वाटपासंबंधी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियमही केले. कायद्याचा हक्क मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही कार्डावर ज्याचे नाव नाही त्याच्यासाठी, आजची भूक आजच भागवणारा कोणी तरी लागतोच. ज्या बाईने दहा मुलांसाठी डबे वेचले तिला धोरण बदलेपर्यंत थांबा असे कोण सांगणार?

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळ जण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद, देणगीदार किंवा पदाधिकारी आहोत. कोणी वसतिगृहाची खानावळ चालवतो, कोणी रमजानमध्ये शिधा वाटतो, कोणी गणवेश आणि वह्या देतो. देणगी मागताना आपण ‘एका मुलाचे जेवण’ एवढे सांगतो. ते जेवण रांधणाऱ्या बाईचा पगार, गॅसचे बिल आणि छपराची डागडुजी यांसाठी पैसे मागताना मात्र संकोचतो. दातेही अशा खर्चाला नाक मुरडतात. फिनिक्सच्या जुन्या बेकरीतून निघालेली संस्था साठ वर्षांच्या उंबरठ्यावर पोहोचली, ती हा खर्च लपवला नाही म्हणून. तो प्रत्येक काळात कोणाला तरी उचलावा लागला, कधी चर्चला, कधी करदात्याला, कधी संस्थांना, कधी सरकारला. पुढच्या वेळी कोणी तुमच्याकडे गरिबांच्या धान्यासाठी देणगी मागायला आला तर ती अवश्य द्या, आणि जाताना गाडीभाड्याचे काय केले तेही विचारा. जमले तर त्यातलाही थोडा भाग आपल्या नावावर घ्या.